फुप्फुसाचं नाव बाटलीवरून काढा: सुगंधी तेल काढणाऱ्या शेतकरी कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
हिंगोली, नांदेड, परभणी आणि लातूर जिल्ह्यांत गवती चहा, रोशा गवत आणि हळदीच्या पाल्यापासून तेल काढणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे सर्व संचालक व सभासद

सप्रेम नमस्कार.

हल्ली कृषी प्रदर्शनांतल्या तुमच्यापैकी काहींच्या स्टॉलवर, पत्रकांवर आणि व्हॉट्सॲपच्या जाहिरातींत 'लंग फायब्रोसिस' हा शब्द दिसू लागला आहे. दहा-पंधरा मिलीची बाटली, वर हिरवं पान, खाली दोन गुलाबी फुप्फुसं आणि फुप्फुसात पडलेले व्रण हे तेल भरून काढतं असा दावा. तो शब्द आणि ती फुप्फुसं तुम्ही बाटलीवरून काढून टाकावीत, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

तेल काढू नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी फार्मसीच्या मुलांना औषधी वनस्पती शिकवते. माहेर वसमत तालुक्यातलं, घरची हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले होते. सोयाबीनचा भाव आणि पावसाचा लहरीपणा बघता ज्याला कमी पाणी लागतं, जे जनावरं खात नाहीत आणि ज्याचं तेल ड्रममध्ये भरून भावाची वाट बघता येते, असं पीक आपल्याला हवंच आहे. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनने, म्हणजे सुगंधी पिकांच्या मोहिमेने, विदर्भ-बुंदेलखंडाच्या जोडीला मराठवाड्याचं नाव घेतलं ते उगाच नाही. माझा आक्षेप पिकाला नाही आणि तेलालाही नाही.

आधी आजाराबद्दल, कारण जाहिरात लिहिणाऱ्याने फायब्रोसिसचा पेशंट जवळून पाहिला असेल असं वाटत नाही.

आपल्या फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की पलीकडच्या रक्तात प्राणवायू सहज उतरतो. या भिंतीला वारंवार इजा झाली की ती बुजवायला फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजन विणतात. एरवी काम झालं की त्या थांबतात. या आजारात थांबत नाहीत. टीजीएफ-बीटा नावाचा रासायनिक निरोप त्यांना सतत मिळत राहतो, भिंत जाड आणि ताठ होत जाते. माणूस श्वास घेतो, छाती हलते, पण प्राणवायू पलीकडे पोचत नाही. सुरुवातीला फक्त कोरडा खोकला असतो. मग जिना चढताना धाप, मग न्हाणीघरापर्यंत जाताना धाप. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला की बुटाची चिकटपट्टी उघडल्यासारखा आवाज येतो. आपल्याकडे एक्स-रेवर छाया दिसली की कित्येकांना थुंकीत जंतू न सापडताही टीबीची औषधं सुरू होतात. सीटी स्कॅन होईपर्यंत वर्ष निघून जातं. ज्या प्रकाराचं कारण सापडत नाही, त्या आयपीएफमध्ये निदानानंतर निम्मे रुग्ण तीन ते पाच वर्षांत जातात. कित्येक कॅन्सरपेक्षा हे वाईट आहे.

मुख्य औषधं दोन, पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब. अमेरिकेत दोन्हींना २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली. पिरफेनिडोन आपल्याकडे त्याच्याही आधीपासून मिळतं. दोन्ही औषधं आजाराचा वेग कमी करतात, पडलेला व्रण पुसत नाहीत. त्रासही देतात. निंटेडॅनिबने जुलाब होतात. पिरफेनिडोनने मळमळ होते, जेवण जात नाही, आणि उन्हात गेलं की अंगावर चट्टे उठतात. आता विचार करा, एप्रिलच्या उन्हात हळद वाळत घातलेली आहे आणि घरातल्या कर्त्या माणसाला डॉक्टर सांगतात की उन्हात जाऊ नका. तो गोळी सोडणार की ऊन?

अशा माणसाच्या हातात तुमची बाटली पडते. नैसर्गिक, आपल्याच मातीतली, साइड इफेक्ट नसलेली. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी अशाच कुठल्याशा तेलाच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या. तेल कुणाचं होतं ते महत्त्वाचं नाही. त्या तेलाने त्यांना काही अपाय केला असंही मी म्हणणार नाही. पण गोळ्या बंद होत्या तेवढ्या काळात आजार पुढे सरकला, आणि या आजारात गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही. नंतर औषध पुन्हा सुरू केलं ते ऑक्सिजनच्या मशीनसोबत.

यावर तुमच्यातले शिकलेले संचालक म्हणतील, मॅडम, संशोधन आहे ना! आहे. नाही कोण म्हणतं? ते संशोधन काय सांगतं ते मी वाचते आणि वर्गात शिकवते, म्हणूनच हे पत्र लिहायची हिंमत झाली.

ओव्यातलं थायमॉल, त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल, लवंगेतलं युजेनॉल, निलगिरीतलं सिनिओल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, कलौंजीतलं थायमोक्विनोन, अशा कितीतरी घटकांवर उंदरांत प्रयोग झालेत. चीनमध्ये संत्र्याच्या सालीचं अख्खं तेल देऊनही पाहिलं आहे. यांतल्या अनेक प्रयोगांत कोलॅजन कमी साठलं, टीजीएफ-बीटा कमी झाला, सूज उतरली. हे खोटं नाही आणि क्षुल्लकही नाही.

पण प्रयोग होतो कसा ते बघा. ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं औषध आहे, त्याचा एक दुष्परिणाम म्हणजे फुप्फुसात व्रण. ते उंदराच्या श्वासनलिकेत सोडतात. पहिला आठवडाभर फुप्फुसात सूज असते, त्यानंतर व्रण धरायला लागतो. बहुतेक प्रयोगांत तेल पहिल्या दिवसापासून, कधी तर आधीपासूनच देतात. म्हणजे तेलाने सूज दाबली आणि त्यामुळे व्रण कमी पडला, एवढंच सिद्ध होतं. आपला पेशंट मात्र व्रण पडून बसल्यावर दारात येतो. शिवाय उंदराचा व्रण बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, माणसाचा ओसरत नाही. त्यामुळे उंदरात यश आणि माणसात अपयश ही या आजारातली नेहमीची गोष्ट आहे.

आणि सूज दाबली म्हणजे व्रण थांबतो, हा समज माणसांत कसा कोसळला त्याचा पुरावाही आहे. कितीतरी वर्षं आयपीएफच्या रुग्णांना स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन अशी तिहेरी औषधं देत होते. मोठे मोठे डॉक्टर देत होते. शेवटी अमेरिकेत पँथर नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिहेरी औषधं घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले आणि चाचणीचा तो भाग मध्येच बंद करावा लागला. ज्या औषधांवर तज्ज्ञांचा विश्वास होता त्यांची ही गत, तर आपल्या तेलाने परीक्षा न देताच पास व्हायचं कशाच्या जोरावर?

माणसांवरचे प्रयोग अगदीच नाहीत असं नाही. इराण-इराक युद्धात मस्टर्ड वायूने फुप्फुसं जळालेल्या इराणी जवानांना झतारिया या ओव्यासारख्या वासाच्या वनस्पतीचा अर्क आणि कार्व्हाक्रॉल देऊन पाहिलं गेलं. लक्षणं आणि श्वासाच्या चाचण्या सुधारल्याची नोंद आहे. पण रुग्ण थोडे, मुदत थोडी, आणि तो आजार मुख्यतः श्वासनलिकांचा. जर्मनीत निलगिरीतल्या सिनिओलची कॅप्सूल, २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, २४२ रुग्णांत सहा महिने तपासली गेली. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना खोटी, आणि कुणाला कुठली ते डॉक्टरलाही माहीत नाही. २००९ मध्ये निकाल आला, आजार उसळण्याचं प्रमाण कमी झालं होतं. तेलातल्या घटकाची रीतसर परीक्षा घेता येते, ती अशी. फायब्रोसिससाठी अशी मोठी परीक्षा आपल्या कुठल्याही तेलाने अजून दिलेली नाही.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. सगळ्यात जास्त चीड मला हळदीच्या तेलाच्या जाहिरातींची येते, कारण हळद माझी आहे. पत्रकावर कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या पदार्थाच्या, प्रयोगांची यादी असते आणि बाटलीत वाफेवर काढलेलं तेल. अहो, कर्क्युमिन वाफेबरोबर उडतच नाही! ते भट्टीतल्या चोथ्यातच राहतं. हळकुंडाच्या तेलात मुख्यतः टर्मरोन नावाचे घटक असतात. पाल्याच्या तेलात तर तेही थोडे, तिथे बऱ्याचदा फेलँड्रीन या दुसऱ्याच घटकाचं राज्य. शंका असेल तर तेलाचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टाका आणि शेजारी हळदीची चिमूट ओली करून लावा. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, तेलाचा होत नाही. म्हणजे ज्या पदार्थाचे प्रयोग तुम्ही छापता तो पदार्थ तुमच्या बाटलीतच नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. समजा उंदराला दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम तेल दिलं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराची मात्रा माणसाला लावताना ढोबळमानाने सहाने भागतात. म्हणजे माणसाला किलोमागे साधारण १६ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला जवळपास एक ग्रॅम, म्हणजे एक मिलीच्या आसपास, वीस-पंचवीस थेंब निव्वळ तेल, रोज, पोटातून. तुमच्या पत्रकात काय लिहिलंय? दोन थेंब गरम पाण्यात टाकून वाफ घ्या. दोन थेंबांनी व्रणाला काही होणार नाही. आणि वीस थेंब रोज पोटात घ्या असं लिहायला मी तुम्हाला सांगणार नाही, कारण या तेलांचा भार यकृतावर पडतो आणि पिरफेनिडोन-निंटेडॅनिबच्या रुग्णांचं यकृत आधीच दर काही आठवड्यांनी तपासावं लागतं. निंटेडॅनिबने रक्तस्रावाचा धोका वाढतो, लवंगेतलं युजेनॉलही रक्त गोठण्याच्या आड येतं. दोघांची गाठ एकाच पेशंटच्या पोटात घालून द्यायची का, हे कुणीतरी आधी तपासायला हवं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भीतिदायक वाटते. काही जण नेब्युलायझरमध्ये तेल टाकतात. तुमच्यातल्या एकाच्या माहितीपत्रकात तशी सूचना मी स्वतः वाचली आहे. सुगंधी तेल बऱ्याचदा खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून विकतात. त्या तेलाचे कण हवेच्या पिशव्यांत जाऊन बसले की शरीराला ते बाहेर काढता येत नाहीत. त्यातून लिपॉइड न्यूमोनिया होतो आणि तो पुढे स्वतःच व्रण सोडून जाऊ शकतो. व्रण बरा करायला घेतलेलं तेल नवा व्रण देऊन जाणार. लहान लेकरांच्या बाबतीत निलगिरी आणि कापूर पोटात गेल्यावर झटके येतात, हे भारतातल्याच डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. घरात बाटली आहे म्हटल्यावर ती लेकरांच्या हाती लागणारच.

कायद्याचं एका ओळीत सांगते, कारण ते तुमचा सीए जास्त चांगलं सांगेल. आजार बरा करण्याचा दावा केला की ते तेल १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषध ठरतं आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. साबण-अत्तरासाठी म्हणून काढलेल्या तेलावर तो दावा छापता येत नाही.

मग तेल विकायचं कुणाला? साबणाला, अगरबत्तीला, फिनाइलला, डासांच्या औषधाला, मसाल्याच्या आणि सरबताच्या धंद्याला. गवती चहाच्या तेलात सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा घटक, किती टक्के आहे, यावर तिथे भाव ठरतो. ७५ टक्क्यांचा ड्रम आणि ६० टक्क्यांचा ड्रम एका भावात जात नाहीत. ते टक्के वाढवायला कोणतं वाण लावायचं, कापणी कधी करायची, पाला किती सुकू द्यायचा, भट्टी किती तास चालवायची, यावर डोकं लावलं तर त्यात पैसा आहे. फुप्फुसाच्या चित्रात नाही. ज्या व्यापाऱ्याने तुम्हाला ते चित्र छापायला सांगितलं, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या तेलावर गुडघ्याचं चित्र छापेल.

फुप्फुसाची काळजी खरोखर असेल, आणि आहे असं मी धरून चालते, तर सुरुवात तुमच्या शेडपासून करा. हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमजवळ तासन् तास उभं राहणाऱ्या माणसांच्या पापण्यांवरसुद्धा पिवळी पूड बसलेली असते. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. त्या धुळीतून बारीक कण आत जातात, उपरणं ते अडवत नाही. त्यांना एन-९५ मास्क द्या आणि ड्रमला धूळ ओढणारा पंखा बसवा.

आणि घरचे कूलर. भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १०८४ रुग्णांची नोंद केली. सगळ्यांत मोठा गट आयपीएफचा नव्हता. तो होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांची पिसं अशा गोष्टींना फुप्फुस चिडल्यामुळे होणाऱ्या आजाराचा. जवळपास ४७ टक्के. आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. मार्च ते जून आपण कशासमोर झोपतो? मागच्या वर्षीचंच गवत, तेच कुजकट पाणी, आणि वास येतो म्हणून टाकीत चार थेंब वाळ्याचं अत्तर! बुरशी तशीच, फक्त सुवासिक. हा आजार वेळेत ओळखला आणि कारण दूर केलं तर कित्येकांत व्रण धरण्याआधीच थांबवता येतो. तुमच्या कंपनीच्या हजारेक सभासदांच्या घरी होळीच्या आत कूलरचं गवत बदललं, टाकी घासून सुकवली गेली, तर बाटलीने होणार नाही एवढं काम होईल. सभासदांच्या बैठकीत हे सांगायला मी यायला तयार आहे. माईक आणि चहा पुरे.

आता तेलाच्या परीक्षेचं. हे काम एकट्या कंपनीचं नाही आणि एकट्या कॉलेजचंही नाही. परभणीला १९७२ पासून आपलं कृषी विद्यापीठ आहे. वसमतला हळद संशोधन केंद्र आलं आहे. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाईला आणि नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथे छातीचे विभाग आहेत आणि हे रुग्ण रोज त्यांच्या दारात बसलेले असतात. फार्मसी कॉलेजं तर गल्लोगल्ली झालीत, त्यांना नुसत्या पदव्या वाटण्यापलीकडे काहीतरी काम हवंच आहे. पण या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायची ताकद आमच्यासारख्या मास्तरणींच्या अर्जात नसते. शेकडो शेतकऱ्यांच्या सह्या असलेल्या ठरावात असते. तुम्ही तो ठराव करा. त्यात अनुदान मागण्याआधी चार गोष्टी मागा. प्रत्येक तेलाची ठरलेली रचना. ते पोटात किती सुरक्षित याची तपासणी. उंदरावरचा असा प्रयोग की ज्यात व्रण धरून झाल्यावर तेल दिलं जाईल. आणि पिरफेनिडोनसोबत दिलं तर काय होतं याचा अभ्यास. यातून काही निघालं तरच माणसांवरची चाचणी, तीही देशाच्या चाचणी-नोंदणीत आधी नाव घालून, म्हणजे निकाल नकोसा आला तर तो दडपता येणार नाही.

निकाल 'नाही' असाही येऊ शकतो. तुमच्या बैठकीत यावरच सगळ्यात जास्त आरडाओरड होईल, मला माहीत आहे. पण मग तेल साबणाला जाईलच की. आणि 'हो' आला, तर त्या तेलाला मिळणारा भाव आज कुणी स्वप्नातही धरला नसेल. तेव्हा ज्या कंपनीकडे पहिल्या हंगामापासूनच्या प्रत्येक ड्रमची नोंद असेल, तीच पुढे असेल.

म्हणून शेवटचं, कामाचं. जानेवारीत हळदीचा पाला कापायला सुरुवात होईल. पहिल्या भट्टीपासून प्रत्येक खेपेचं तेल थोडं बाजूला काढा. गडद काचेची बाटली, प्लास्टिकची नको. गळ्यापर्यंत भरा, आत हवा राहिली की तेल बिघडतं. चिठ्ठीवर वाण, गट नंबर, कापल्याची तारीख, कापल्यापासून किती तासांनी भट्टीत गेलं आणि भट्टी किती तास चालली एवढं पेनने नाही, पेन्सिलने लिहा. तेलाचा ओघळ लागला की शाई पुसली जाते. थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. आमच्या विभागातून गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलात कोणता घटक किती आहे ते मोजणारी तपासणी, करून देण्याची व्यवस्था मी करते. अहवाल तुमच्या नावाने, मराठीत समजावून, आणि चांगला आला किंवा वाईट आला तरी जसाच्या तसा मिळेल.

आणि नवी लेबलं छापायला टाकण्याआधी मजकूर एकदा मला पाठवा.

आपली,
नांदेडच्या एका फार्मसी महाविद्यालयात औषधी वनस्पती शिकवणारी, वसमत तालुक्याची लेक